रडण्याआधीचे नव्वद सेकंद

माझं तोंड फाटकं आहे, हे आधीच सांगून ठेवते. मनोरुग्णांची परिचारिका म्हणून एकोणतीस वर्षं काढली. त्यात तीन मेमो मिळाले आणि तिन्ही तोंडामुळे मिळाले. चौथा मात्र हातामुळे मिळाला, आणि तो मी पुन्हा घ्यायला तयार आहे.

'निवांत' रुग्णालयाची इमारत सांगोल्याच्या पुढे माळावर आहे. लांबून बघितली तर पालथ्या घातलेल्या परातीसारखी दिसते. आत कोपरा म्हणून कुठे नाही. दाराला कडी नाही, खिडकीला गज नाही, भिंतीत खिळा नाही. देशोदेशीचे वास्तुतज्ज्ञ ती बघायला येतात, भिंतीवरून हात फिरवतात आणि "वा!" म्हणतात. राहायला मात्र त्यांतला एकही थांबत नाही.

आता कुणी म्हणेल, जुन्या जमान्यातली बाई, हिला नव्याचं वावडं. तर तसं काही नाही. याआधी पंचवीस वर्षं मी दगडी मनोरुग्णालयात होते. चाळीस खाटांच्या वॉर्डात नव्वद बायका, ढेकूण, संडासाचा वास. एकीनं ओरडायला सुरुवात केली की सगळ्या ओरडायच्या. खाटेला पट्ट्यानं बांधलेल्या बायकांच्या मनगटांवरचे वळ मी तेल लावून जिरवलेत. इमारत माणसाला आणखी वेडं करू शकते, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणून तर 'निवांत' सुरू झालं तेव्हा पहिल्या दिवशी पेढे वाटणारी मीच होते.

ही इमारत काय करते ते सांगते. तिच्या भिंतींच्या आत वीत-वीत अंतरावर नखाएवढ्या चकत्या बसवल्या आहेत. त्यांतून बारीक रेडिओलहरी निघतात, माणसाच्या छातीवर आपटतात आणि परत येतात. छाती केसभर हलली तरी परतणारी लहर बदलते. त्यावरून चार मीटरवर बसलेल्या माणसाचा श्वास आणि ठोके भिंतीला कळतात. नाडी धरायला नको, तारा लावायला नकोत. छतातले कॅमेरे चेहऱ्याची उष्णता मोजतात. माणूस बिथरायच्या आधी त्याचं शरीर वर्दी देतं आणि ती वर्दी त्याच्याआधी भिंतीला पोचते. मग भिंत कामाला लागते. उजेड पिवळसर होतो, छत हातभर वर सरकतं, एक मंद घुमारा सुरू होतो. दोघांची जुंपणार असेल तर मधे एक पडदाभिंत सरकत येते. सगळं इतकं हळू की रुग्णाला पत्ता लागत नाही. साडेतीन वर्षांत आम्ही कुणालाही बांधलं नाही. इंजेक्शनं निम्म्यावर आली. हे खरं आहे.

यातून प्रत्येक रुग्णाचा एक आकडा निघतो; तो आमच्या मनगटावरच्या पट्टीवर क्षणाक्षणाला दिसतो आणि रात्री दिवसाची सरासरी लागते. त्याला 'निवांतांक' म्हणतात. सलग नव्वद दिवस तो नव्वदच्या वर राहिला की माणूस बरा झाला, घरी रवाना.

लोखंडे मास्तर अठ्ठ्याण्णववर घरी गेले. बायको वारल्यावर त्यांनी जेवण सोडलं होतं म्हणून मुलानं आणलं होतं. घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला, "सिस्टर, अप्पा रडायला लागलेत, थांबतच नाहीत." मी म्हटलं, परत आणा. तर वरून उत्तर आलं की बरा झालेला रुग्ण पुन्हा घेण्याची तरतूद नाही. नवव्या दिवशी मास्तरांनी स्वतःचा जीव दिला. आमच्या अहवालात कारण लिहिलं गेलं, 'घरची वास्तू सदोष.' दोन खोल्यांचं साधं घर होतं ते, आणि तिथल्या भिंती नुसत्या भिंती होत्या.

या सगळ्याचे कर्ते म्हणजे आमचे अधीक्षक, डॉ. सबनीस. माणूस लबाड नाही. लबाड असता तर त्याच्याशी भांडणं सोपं गेलं असतं.

काजल बंडगर अकरा महिन्यांपूर्वी आली. वय एकोणतीस, मंगळवेढ्याकडची. तिची चार वर्षांची स्वरा शेततळ्यात बुडाली होती. शेततळ्याला आतून प्लास्टिकचा कागद घातलेला असतो. त्यावरून पाय सुटला की मोठं माणूससुद्धा वर येत नाही, हे त्या भागात सगळ्यांना माहीत आहे. पोरीला बाहेर काढलं तेव्हा काजल रडली नाही. अग्नी दिला तेव्हा रडली नाही. तिसऱ्या दिवशी तिची वाचा गेली आणि नवऱ्यानं तिला इथं आणून सोडलं.

पहिल्याच आठवड्यात तिची आई सिंधूबाई आणि आत्या गिरजाबाई भेटायला आल्या. त्या बाजूला रीत आहे. दुखवट्याला येणाऱ्या बाया वेशीपासूनच गळा काढून येतात. दारात पोचल्या की घरच्या बाईच्या गळ्यात पडतात, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन हेल काढतात. ती दगड झालेली असली तरी तिला रडू फुटतं. त्याचसाठी ती रीत आहे. काजलला तिसऱ्या दिवशीच इथं आणल्यामुळे माहेरच्या बायांचा हा दुखवटा राहूनच गेला होता. म्हणून गिरजाआत्यानं रुग्णालयाच्या फाटकापासून सुरुवात केली, "आगं माज्या काजेऽऽ, कुटं गेली गं तुजी सोन्याची बाव्हलीऽऽ..."

फाटक आपोआप बंद झालं. भिंतीतून मधाळ आवाज आला, "कृपया शांतता राखा. आपल्या माणसाला आपली शांतता हवी आहे." आत्या दोन मिनिटं त्या भिंतीलाच शिव्या देत उभी राहिली. मग दोघी उन्हात बसल्या आणि तिसऱ्या प्रहरी निघून गेल्या. काजलच्या फाइलमध्ये नोंद झाली, 'नातेवाईक आक्रमक.' तेव्हापासून त्यांना महिन्यातून एकदा, दहा मिनिटं, मेजाच्या पलीकडून बघायची परवानगी होती. तेवढ्यातही पडदाभिंत मधे यायची.

काजल माझ्या वॉर्डात. रोज मी तिला गोळी द्यायची, केस विंचरायची, हाताला धरून व्हरांड्यात फिरवायची. ती कुणाला त्रास देत नव्हती. आकडा शहाण्णव. येत्या गुरुवारी नव्वद दिवस पुरे होत होते.

सोमवारी पाहुणे आले. सबनीससाहेबांनी त्यांना काजलच्या खोलीत नेलं. मी गोळ्यांचा ट्रे घेऊन मागे उभी.

"रडण्याची वर्दी साधारण नव्वद सेकंद आधी मिळते," साहेब सांगत होते. "श्वास अडखळतो, गळ्याचे स्नायू आवळतात, गालांवरची उष्णता वाढते. नुसत्या उजेडानं हे थांबत नाही. म्हणून आम्ही शरीराचीच एक जुनी खोड वापरतो. डोळ्यांखाली आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना गार, दमट हवेचा झोत सोडला की ठोके मंदावतात, श्वास आखडतो. पाण्यात बुडी मारल्यावर शरीर आपोआप जे करतं, तेच. शरीराला वाटतं आपण पाण्याखाली आहोत आणि ते जपून वागायला लागतं. पाण्याखाली कुणाला रडता येत नाही."

पाहुणे हसले. एकानं विचारलं, "दिवसाला किती वेळा?"

"सुरुवातीला या रुग्णाला चाळीस वेळा लागायचं. आता सहा-सात वेळा पुरतं."

माझ्या हातातला ट्रे खाली पडला. गोळ्या सगळ्या खोलीभर झाल्या. जिची पोर बुडून मेली तिला आम्ही अकरा महिने दिवसातून चाळीस-चाळीस वेळा बुडवत होतो, आणि मी वर तिची वेणी घालत होते.

पाहुणे गेल्यावर मी साहेबांच्या खोलीत गेले. बसा म्हणायची वाट बघितली नाही.

"ते झोत बंद करा. निदान तिच्यापुरते."

"सिस्टर ढवळे, ती गुरुवारी घरी चालली आहे."

"मास्तरही घरीच गेले होते. ही बाहेर पडली की अकरा महिन्यांचं रडू एकदम अंगावर येणार. शेतात तेच तळं आहे, आणि ती एकटी असणार. जायच्या आधी तिला इथं रडू द्या, आपण सगळे आहोत तोवर."

साहेब रागावले नाहीत. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "रडणं म्हणजे बिघाड, हे इमारतीला मी शिकवलेलं नाही. हे बघा. दगडी मनोरुग्णालयातलं चित्रण, सात महिन्यांचं. प्रत्येक तुकड्यावर परिचारिकांनी शिक्का मारला, शांत, अस्वस्थ किंवा हिंसक. रडण्याचे चार हजारांवर तुकडे होते. सगळ्यांवर 'अस्वस्थ'. निम्म्यांखाली तुमची सही आहे."

होती. सही माझीच होती. पाळी बदलताना आमच्यात एकच चांगला निरोप असतो, 'वॉर्ड शांत आहे.' रडणारी बाई म्हणजे जास्तीचं काम. तिच्याजवळ बसावं लागतं, बाकीच्या बिथरतात, पुढच्या पाळीची सिस्टर तोंड वाकडं करते. वर्षानुवर्षं आम्ही रडणं उपद्रवाच्या रकान्यात लिहीत आलो, आणि तीच सवय मी त्या यंत्राला लावली. 'दुःखी' असा चौथा शिक्का मागावा, हे मला सुचलंसुद्धा नव्हतं. कुंपणानंच शेत खाल्लं होतं आणि ते कुंपण मी होते.

"मग मी शिकवलंय तर मीच सांगते, चुकीचं शिकवलं," मी म्हटलं.

"एका रुग्णासाठी साठ जणांची यंत्रणा बिघडवता येणार नाही," साहेब म्हणाले, आणि पुढची फाइल उघडली.

बाहेर येऊन मी सिंधूबाईला फोन लावला. बुधवारी या, दोघी या, आत्याला नक्की आणा, तिला रडू द्यायचंय. ती म्हणाली, "सिस्टर, वन्संना पाठिवते. मी न्हाई येत. मला बगून ती आजून बिगडंल. त्या दिशी मी तिच्याच घरी हुते, पोर माज्याजवळ हुती."

हे मला ठाऊक नव्हतं. फाइलमध्ये तसं कुठे नव्हतं.

"मग तर तुम्हीच या," मी म्हटलं.

माझा बेत साधा होता. आगीच्या कवायतीची प्रमुख मी. आगीची काच फोडली की इमारत नुसती मोजत राहते, करता तिला काही येत नाही. धूर पसरू नये म्हणून हवा थांबते, झोत थांबतात, पडदाभिंती मागे जातात, दारं सताड उघडतात. हा नियम कायद्यातला आहे. तो साहेबांनाही बदलता येत नाही, भिंतीला तर नाहीच. पुन्हा सगळं सुरू करायला वीस मिनिटं लागतात. एवढी वीस मिनिटं मला हवी होती.

बुधवारी दुपारी बाराला त्या दोघी भेटखोलीत आल्या. काजलला मी मेजापाशी बसवलं. सिंधूबाई दाराशीच उभी राहिली, पदर तोंडाशी धरून. गिरजाआत्या सत्तरीची, काटक, नाकात मोठी नथणी. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आज तरी रडू देशीला का आमाला?" तिनं विचारलं. "का फुडच्या मयताला येऊ?"

"आज कुणी थांबवणार नाही," मी म्हटलं.

आत्यानं मेजावरून हात लांबवून काजलची हनुवटी धरली. हळू आवाजात सुरुवात केली, "काजे, आगं बग की माज्याकडं. स्वरा गेली गं आपली. परकराला चिकल लावून यायची गं..."

माझ्या मनगटावरची पट्टी थरथरली. आकडा उमटला, नव्वद. उजेड पिवळा व्हायला लागला. ऐंशी. भिंतीच्या खाचेतून पडदाभिंत बाहेर आली आणि आत्याच्या हाताकडे सरकू लागली. काजलच्या कपाळावरच्या बटा हलल्या. झोत सुरू झाला होता. तिचा श्वास आखडला, डोळे अर्धवट मिटले. हे मी हजारदा बघितलं होतं आणि 'शांत होतेय' असं समजून पुढच्या खोलीत गेले होते.

पासष्टवर मी काच फोडली.

घंटा जीव खाऊन ओरडली आणि थांबली. पडदाभिंत मागे गेली. तो घुमारा बंद पडला. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की तो सतत चालू असायचा. काजलच्या बटा कपाळावर स्थिर झाल्या.

आधी तिच्या गळ्यातून कोरड्या हातपंपासारखा नुसता आवाज आला. मग तिनं मान वळवली आणि दाराशी उभ्या आईला बघितलं.

"तू हुतीस ना गं घरात?"

अकरा महिन्यांतले तिचे पहिले शब्द. ती उठली, खुर्ची पडली. तिनं आईचे दंड धरले आणि गदागदा हलवलं. "तू हुतीस ना? मी तुज्याजवळ ठेवून गेले हुते ना?"

"माजा डोळा लागला," सिंधूबाई म्हणाली. "दुपारचा डोळा लागला गं."

काजल तिला मारायला लागली. मुठींनी, खांद्यावर, छातीवर, तोंडावर. मी पुढे झाले तर आत्यानं माझा हात पिरगाळून मागे ओढलं. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. सिंधूबाईनं हातसुद्धा वर केला नाही. "मार," ती म्हणत होती, "मार गं बाई, मार." मारता मारता काजलचे हात ढिले पडले आणि ती आईच्याच गळ्यात पडली. "स्वराऽऽ" म्हणून तिनं लांब हेल काढला. आत्यानं दोघींना मिठी मारली आणि वरून आपला आवाज चढवला.

आणि मग मला दुसरा आवाज ऐकू आला.

तो व्हरांड्यातून येत होता. शेजारच्या खोलीतून, त्याच्या पलीकडच्या खोलीतून, वरच्या मजल्यावरून. आधी वाटलं, घाबरून ओरडताहेत. मी धावले. बावीस नंबरमधले शहाबुद्दीन चाचा पलंगाच्या कडेला बसून हमसून हमसून रडत होते. कॉलेजातली ती पोरगी, जी दोन वर्षं नुसती हसायची, ती जमिनीवर पालथी पडून रडत होती. साठच्या साठ माणसं रडत होती. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, कुणी कुणाचं बघून रडत नव्हतं. फक्त तोंडावरची हवा थांबली होती.

मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? वाटलं, काय करून बसले मी. पण कवायत त्यांना माहीत होती. दारं उघडली तशी ती माणसं रडत रडत ओळीनं मैदानात आली. वाटेत चाचांनी त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. एक म्हातारी पायरीवर पडली, तिचा गुडघा फुटला, आणि त्याला जबाबदार मी आहे. मारामारी मात्र एकही झाली नाही.

सबनीससाहेब टॅब्लेट छातीशी धरून धावत आले. "आग कुठे आहे?"

"आग नाही. काच मी फोडली."

ते पडद्याकडे बघत राहिले. माणसं बाहेर पडायच्या आधी भिंतींनी टिपलेले आकडे त्यावर उमटत होते. "अकरा... नऊ... सिस्टर, साडेतीन वर्षांचं काम मातीत घातलंत तुम्ही. तुम्हाला कल्पना आहे का?"

"जरा वर बघा," मी म्हटलं. "आकडे नंतर बघा. माणसं बघा."

त्यांनी वर बघितलं नाही. मला निलंबित केल्याचं त्यांनी तिथंच सांगितलं. मग काजलचा आकडा काढला. चार. "हिची उद्याची सुट्टी रद्द. आतल्या कक्षात हलवा. तिथं झोत दुप्पट आहेत. किमान सहा महिने."

दोन वॉर्डबॉय पुढे झाले. गिरजाआत्या काजलच्या पुढ्यात उभी राहिली. "हात लावून दाव," ती म्हणाली. "मुडदा पाडीन एकेकाचा."

"हे बघा, आजी, रुग्णाच्या हिताचं..."

"मी जाणार," काजल म्हणाली. आईच्या खांद्यावरून तिनं डोकं उचललं होतं. तोंड सुजलेलं, नाक वाहत होतं. "मला हितं ऱ्हायचं न्हाई."

साहेबांनी वॉर्डबॉयना हातानं थांबवलं. रुग्ण स्वतःच्या तोंडानं जायचं म्हणतो आणि रक्ताचं माणूस सोबत असतं, तेव्हा त्याला अडवता येत नाही, हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं. अकरा महिन्यांत ते कलम वापरायची वेळ काजलनं आणली नव्हती.

सह्या झाल्या. फाटकाबाहेर त्यांची भाड्याची जीप उभी होती. मी गोळ्यांची पुडी सिंधूबाईच्या हातात दिली, सकाळची कुठली, झोपतानाची कुठली ते दोनदा वदवून घेतलं. गोळ्या बंद करायच्या नाहीत. सोमवारी सोलापूरच्या डॉक्टरला दाखवायचं, मी फोन करून ठेवलाय. क्षणभरही एकटीला सोडायचं नाही, तळ्याकडे तर मुळीच नाही.

"आमच्या दोगींच्या मदी झोपंल ती," आत्या म्हणाली. "आन म्हैनाभर रोज रडवू. बाया हायत्या गावात, पाळी लावू."

काजल जीपमध्ये बसली. हुंदके अजून येत होते, मधूनमधून सगळं अंग हलत होतं. मी खिडकीशी वाकले. काही चांगलं बोलावं म्हणून वाकले, पण बोलायच्या आधी तिनंच माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत ओळख होती, आणि माया अजिबात नव्हती.

"रोज यायचा तुमी," ती म्हणाली. आवाज पार बसला होता. "गोळी द्यायचा. केस विंचरायचा. माजं तोंड तुमच्या हातात असायचं."

"हो."

"मला आतनं यायचं. रोज यायचं. घशापतूर यायचं आन तितंच बुडायचं. तुमी बगत हुता."

"हो, बघत होते."

"मग अकरा म्हैनं का लागलं?"

नोकरी होती, नियम होते, साहेब होते, शहाण्णवचा आकडा होता. यातलं एकही तिच्यासमोर उच्चारण्याजोगं नव्हतं.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"व्हय," काजल म्हणाली. "चुकलंच."

आणि तिनं जीपची काच माझ्या तोंडावर वर ओढून घेतली.